सोवळ्यातला पाइप

२०२४ च्या जूनअखेरीस सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरलं, तेव्हा आम्ही दोघं न्यू जर्सीहून आमचं चाकांवरचं घर ओढत तिथवर गेलो होतो. सव्वीस फुटी ट्रेलर, पुढे पिकअप ट्रक आणि ट्रकमध्ये पासष्टी ओलांडलेली दोन माणसं. जेवणाच्या रांगेत लोकांचे प्रश्न ठरलेले. "संडासाचं काय करता?" (हा बायका हळूच विचारतात, पुरुष मोठ्यानं.) "रात्री भीती नाही वाटत?" "गॅलनला मैल किती पडतात?" पिण्याचं पाणी कशातून येतं, हे मात्र एकानंही विचारलं नाही. माझ्याकडे त्याचंच उत्तर सगळ्यात लांब होतं.

कॅम्पग्राउंडमध्ये आपल्या जागेवर एक खांब असतो. त्याला विजेचं कनेक्शन आणि खाली नळ. त्या नळापासून ट्रेलरच्या पोटातल्या तोंडापर्यंत पाणी न्यायचं, ते आपल्या पाइपानं. इथे त्याला होज म्हणतात, मी अजून पाइपच म्हणते. नळापर्यंतचं पाणी कॅम्पवाल्यांचं, ट्रेलरच्या आतली नळजोडणी कारखान्याची, आणि मधले पंचवीस फूट आपले. त्या पंचवीस फुटांची चौकशी कुणी करत नाही, तपासणीला कुणी येत नाही. २०१७ पासून त्यांच्यापायी जे शिकले ते लिहून ठेवते. ह्यांनी वाचून काही दुरुस्त्या सुचवल्या आहेत, त्यातल्या निम्म्या मी घेतल्या.

१. आटे सोयरसुतक पाळत नाहीत

पहिल्याच सहलीला ह्यांनी घरामागच्या बागेचा हिरवा पाइप गुंडाळून ट्रकमध्ये टाकला. "अहो, तो बागेचा आहे," मी म्हटलं. "अगं, आत पाणीच असतं ना?" हे म्हणाले. नळाला लावला, ट्रेलरला लावला, दोन्हीकडे पहिल्या फटक्यात बसला.

गोम तिथेच आहे. या देशात बागेचा पाइप, पिण्याच्या पाण्याचा पाइप आणि मैल्याची टाकी धुवायचा पाइप, तिघांचे आटे एकच: पाऊण इंची, इंचाला साडेअकरा फेरे. कुणी कुणालाही बसतं. चुकीचा गॅस सिलिंडर रेग्युलेटरला बसत नाही, चुकीचा प्लग सॉकेटला बसत नाही. इथे मात्र सगळं गोडीगुलाबीनं बसतं, म्हणून मनात शंकाच येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा केला. आलं होतं, वेलची होती, आणि त्या दोघांच्या डोक्यावर पावसाळी रबरी चपलेचा वास. ह्यांनी निमूटपणे पूर्ण कप प्यायला. आपला पाइप चुकलाय हे कबूल करायला दुसरा कप लागला. घरी आल्यावर त्या हिरव्या पाइपाच्या टोकाला चिकटलेली पट्टी पाहिली. 'या पाइपातून पाणी पिऊ नये' असं त्यावर छापलेलं होतं. पाच वर्षं तो पाइप आमच्या टोमॅटोंना पाणी घालत होता, पट्टी कुणी वाचली नव्हती.

२. वास गेला म्हणजे शिसं गेलं असं नाही

चपलेचा वास ही त्यातल्या त्यात प्रामाणिक गोष्ट. नाकाला कळतं आणि माणूस थांबतो. शिशाला ना वास, ना चव, ना रंग.

ही गोष्ट मला आधी कळायला हवी होती, कारण मी तीस वर्षं रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम केलं. लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तपासायचे नमुने माझ्या हाताखालून जायचे. माझ्या डोळ्यांदेखत धोक्याची रेघ खाली खाली सरकत गेली. आधी डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम, २०१२ साली ५, आणि मी निवृत्त झाल्यावर २०२१ मध्ये ३.५. मुलांसाठी 'एवढं चालेल' असं कुठलंच प्रमाण सापडलेलं नाही, हे आम्ही एकमेकींना सांगायचो आणि सुट्टीत घरी येऊन नातवाला बागेच्या पाइपाशी खेळू द्यायचो. तोंडाला पाइप लावून पाणी प्यायचा तो. विद्या एकीकडे, संसार एकीकडे.

शिसं पाइपात येतं ते मुख्यतः दोन वाटांनी. एक म्हणजे टोकाचा पितळी जोड. पितळ सहज कापलं जावं, आटे स्वच्छ पडावेत म्हणून त्यात थोडं शिसं घालायची पद्धत जुनी. दुसरी वाट पीव्हीसीची. ते उन्हात टिकावं म्हणून काही ठिकाणी शिशाची संयुगं वापरली जात आणि ते लवचीक व्हावं म्हणून थॅलेट नावाची रसायनं. मिशिगनमधल्या अॅन आर्बरच्या इकॉलॉजी सेंटरनं बाजारातले बागेचे पाइप आणून तपासले, तेव्हा अनेकांत ही मंडळी सापडली, आणि उन्हात ठेवलेल्या पाइपातल्या पाण्यातही ती उतरलेली दिसली.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेसारख्या देशात कायदा नाही का? आहे. आणि तो वाचला तर आणखी जपून वागावंसं वाटतं. पूर्वी आठ टक्क्यांपर्यंत शिसं असलेला जोडसुद्धा कायद्यानं 'शिसेविरहित' म्हणवून घेऊ शकत असे. २०११ मध्ये कायदा सुधारला आणि ४ जानेवारी २०१४ पासून ही मर्यादा पाण्याला टेकणाऱ्या भागात सरासरी ०.२५ टक्क्यांवर आली. पण जी वस्तू पिण्याच्या पाण्यासाठी नाहीच, केवळ बागेला, अंगणाला पाणी घालण्यासाठी आहे, तिला या नियमातून सूट दिली. म्हणजे 'बागेचा पाइप' म्हणून विकायला ठेवला की त्याच्या पितळेत काय आहे, ते विचारायचा हक्क संपला. कायदा काही चुकीचं बोलत नाही. तो म्हणतो, तुम्ही पिणार नाही असं सांगितलंत ना?

लहानपणी वाईला आमच्या घरी पितळी पातेल्यांना वर्षातून एकदा कल्हई व्हायची. कल्हईवाला दारात भाता मांडून बसायचा आणि नवसागराच्या पांढऱ्या धुराआडून पातेलं चांदीसारखं उजळून निघायचं. कल्हई उडाली की आई त्यात ताक, कढी, आमटी काही ठेवायची नाही. ठेवलंच तर कळकायचं. हिरवट, कडवट, ओकारी आणणारं. पितळ अन्नात उतरतं हे आमच्या घरातल्या शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक होतं. मला ते ठाऊक असूनही पाइपाच्या पितळी तोंडाकडे बघून आठवलं नाही, कारण पाणी कळकत नाही. निदान दिसेल असं तरी नाही.

३. पिशवीवरची मोठी अक्षरं सोडा, छोटी वाचा

पांढरा पाइप, त्यावर निळी रेघ, म्हणजे पिण्याच्या पाण्याचा, अशी इथे समजूत आहे. बहुतेक वेळा ती खरी निघते. पण पांढरा हा रंग आहे, दाखला नाही.

मी दुकानात उभी राहून शोधते ते दोन आकडे: एनएसएफ/एएनएसआय ६१ आणि ३७२. पहिला सांगतो की या वस्तूतून पाण्यात काय काय उतरतं याची चाचणी झाली आहे आणि ते मर्यादेत आहे. दुसरा फक्त शिशाबद्दल बोलतो, तोच ०.२५ टक्क्यांचा हिशेब. एनएसएफ ही संस्था १९४४ साली निघाली तीसुद्धा अॅन आर्बरलाच. एकाच गावात पाइप उघडे पाडणारेही आणि पाइपांना दाखला देणारेही, याची मला गंमत वाटते.

मोठ्या अक्षरांत सहसा 'बीपीए-मुक्त' असतं. चांगलंच आहे, पण ते एका रसायनाचं नाव झालं. थॅलेटचं काय, शिशाचं काय, ते त्यात येत नाही. 'एफडीए मान्य घटक' असंही लिहिलेलं असतं. ते कच्च्या मालाबद्दल आहे, तयार पाइप त्याच्या जोडासकट तपासला असा त्याचा अर्थ नाही. पीठ चांगलं होतं म्हणून भाकरी चांगली झालीच असं कुठे असतं? आणि कॅलिफोर्नियाच्या १९८६ च्या प्रपोझिशन ६५ या कायद्यानुसार छापलेली घातक रसायनांची चेतावणी पिण्याच्या पाइपावर दिसली, तर मी तो परत खुंटीला अडकवते. ती चेतावणी त्या राज्यात कशाकशावर असते, कॉफीच्या दुकानातही मी तिची पाटी पाहिली आहे, म्हणून ती दिसली की विषच असा अर्थ नाही. पण शेजारच्या खुंटीवर ती नसलेला पाइप लटकत असताना हा का घ्यायचा?

ह्यांचं म्हणणं, मी दुकानात पैठणी निवडल्यासारखी पाइप निवडते. पैठणी मी दहा मिनिटांत घेतली होती.

४. लांब पाइप आळशाचा

पन्नास फुटी एक घेऊ नका. पंचवीस फुटी एक आणि दहा फुटी एक घ्या, फार तर आणखी एक पंचवीस फुटी. नळ बहुतेक ठिकाणी जवळच असतो आणि उरलेल्या पाइपाचं वेटोळं उन्हात तापत बसतं. भोक अर्धा इंच की पाच अष्टमांश? दुसऱ्याचं तोंड दीडपटीहून जरा मोठं पडतं, टाकी लवकर भरते. अंघोळीला काही फरक पडत नाही. ट्रेलरच्या बाजूला जिथे पाइप लागतो तिथे काटकोनी पितळी कोपरा लावा (तोही शिसेविरहित), म्हणजे पाइपाला मुरड पडत नाही आणि ट्रेलरच्या प्लास्टिकच्या तोंडावर पाइपाचं ओझं लटकत नाही.

५. दाब रात्री वाढतो

डोंगरपायथ्याच्या एका कॅम्पमध्ये, मध्यरात्री दोनच्या सुमाराला, बाहेर कुणीतरी फटाका फोडावा तसा आवाज झाला. मला वाटलं अस्वल. हे टॉर्च घेऊन बाहेर गेले आणि ओलेचिंब होऊन परत आले. पाइप मधोमध फुटला होता, आणि पाण्याचा फवारा शेजाऱ्याच्या तंबूवर पडत होता. तंबूतली तरुण पोरं हसत होती, हे त्यांचे उपकार.

ट्रेलरच्या आतल्या नळ्या ४० ते ६० पीएसआय दाबात सुखी असतात. कॅम्पच्या नळाला दाब किती असेल ते त्या त्या ठिकाणच्या उतारावर आणि पंपावर. कुठे शंभराच्याही वर जातो. दिवसा सगळे पाणी वापरत असतात तेव्हा दाब पडलेला असतो. रात्री सगळे नळ बंद झाले की चढतो. संध्याकाळी ठीक चाललं म्हणून निर्धास्त झोपायचं नाही, हे त्या रात्री कळलं.

आमच्याकडे दाब कमी करणारा रेग्युलेटर होता बरं का. ह्यांनी तो ट्रेलरच्या तोंडाला लावला होता, म्हणजे ट्रेलर सुरक्षित आणि पाइप वाऱ्यावर. रेग्युलेटर लावायचा नळाला, पाइपाच्या आधी. आता आमच्याकडे काटा असलेला आणि स्क्रूनं कमीजास्त करता येणारा आहे. नवीन जागी पोचलो की हे आधी काटा बघतात आणि आकडा मोठ्यानं सांगतात, विमानातला पायलट उंची सांगतो तसा.

६. दोन पाइप, दोन कप्पे, आणि एकमेकांशी संबंध नाही

आजी सोवळ्यात असायची तेव्हा पाण्याची कळशी वेगळी, तिची जागा वेगळी, तिला हात लावणारे हात वेगळे. लहानपणी मला त्या सगळ्याचा राग यायचा. अजूनही येतो, कारण भांड्याचं सोवळं माणसांवर नेऊन लादलं आणि पाण्याला शिवायलाही माणसाला बंदी केली, त्यासाठी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यावं लागलं. तेवढं सांगून पुढे म्हणते: माणसांपुरतं ते पाप होतं, पाइपांपुरतं तोच नियम हवा.

ट्रेलरच्या पोटात तीन टाक्या असतात. चांगल्या पाण्याची, मोरीच्या पाण्याची आणि मैल्याची. शेवटच्या दोन रिकाम्या करायला डंप स्टेशनवर जावं लागतं. तिथे दोन नळ असतात. एकावर लिहिलेलं असतं 'पिण्यास अयोग्य', तो मैल्याचा जाड पाइप धुवायला. दुसरा, सहसा थोडा पुढे, पिण्याच्या पाण्याचा. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे: एक सभ्य दिसणारे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, मैल्याच्या पाइपाचं तोंड पिण्याच्या नळाला घासून धूत होते, कारण पहिल्या नळाला धार बारीक होती. त्यांच्यामागे आम्ही रांगेत उभे. त्यांचं झालं की त्याच नळाला आम्ही आमचा पांढरा सोवळ्यातला पाइप लावणार होतो.

तेव्हापासूनची आमची पद्धत अशी. मैल्याची टाकी धुवायचा पाइप नारिंगी, पिण्याचा पांढरा. अंधारात, पावसात, डोकं दुखत असतानाही चूक होऊ नये. नारिंगी पाइप आणि हातमोजे ट्रेलरच्या मागच्या कप्प्यात, पांढरा पुढच्या. दोघांची गाठ पडायची नाही. डंप स्टेशनवर एकानं मैल्याकडे बघायचं आणि दुसऱ्यानं पाण्याकडे. मैल्याचं खातं ह्यांच्याकडे आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पाइप लावण्याआधी प्रत्येक नळाच्या तोंडावर, अगदी आपल्या जागेवरच्याही, ब्लीच घातलेल्या पाण्याचा फवारा मारायचा, पुसायचं, मग थोडं पाणी सोडून द्यायचं. आणि पांढऱ्या पाइपाचं तोंड जमिनीला टेकू द्यायचं नाही. टेकलंच तर पुन्हा फवारा. आजी असती तर 'पुन्हा अंघोळ' म्हणाली असती.

याच कलमात आणखी एक. पाइपाचं टोक बादलीत, टबात बुडवून ठेवून नळ चालू सोडू नका. दाब अचानक पडला तर बादलीतलं पाणी उलटं नळात ओढलं जातं. नळाच्या तोंडाशी उलटं पाणी अडवणारी छोटी झडप असते किंवा बसवता येते. ती काढून फेकणारे लोक आहेत, कारण ती थोडी ठिबकते. ठिबकू दे.

७. तीन लिटरची कंजुषी करू नका

डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला आम्ही एप्रिलअखेर होतो. समुद्रसपाटीच्याही खाली असलेली ती जागा. दुपारी दोन वाजता नळ उघडला तर पाइपातून कढत पाणी आलं, अंघोळीला गरम करावंच लागलं नाही. ह्यांना आनंद झाला. मला आठवलं ते उन्हात ठेवलेल्या पाइपातलं पाणी आणि त्यात उतरलेली मंडळी. पाइप चांगल्यातला चांगला असला तरी कोमट साचलेलं पाणी जंतूंना आवडतंच.

ह्यांनी तिथेच कागदावर हिशेब मांडला. पाच अष्टमांश इंची पंचवीस फूट पाइपात दीड लिटर पाणी मावतं. पन्नास फुटात तीन. तेवढं साचलेलं पाणी सोडून दिलं की मागून नळातलं ताजं येतं. झाडाच्या बुंध्याशी सोडा, वाया जात नाही. सकाळी पहिला चहा करायच्या आधी आणि दुपारी फिरून आल्यावर, एवढंच. नवीन पाइपाला मात्र अशा दोन-तीन लिटरनं भागत नाही. त्याचा नवेपणाचा वास जाईपर्यंत भरपूर पाणी सोडावं लागतं, ते घरी अंगणात करून निघावं. शिवाय सावली असेल तर पाइप सावलीतून न्यावा. कॅम्पमधले लोक खुर्च्या सावलीत ठेवतात आणि पाइप उन्हात.

८. पोकळ जागेत कोण राहतं ते बघा

एका हिवाळ्यात चपटा होणारा, रिळावर गुंडाळायचा पाइप घेतला होता. जागा कमी लागते म्हणून. त्याचं दुर्दैव असं की त्यातलं पाणी पूर्ण कधीच निघत नाही. वसंतात उघडला तर पहिल्या धारेबरोबर शेवाळासारखा एक बुळबुळीत धागा बाहेर आला. पाण्याच्या दाबानं फुगून लांब होणारे जे पाइप जाहिरातीत दिसतात त्यांच्या वाटेला मी गेलेच नाही. अनेकांच्या आत लेटेक्सची पातळ नळी असते आणि पिण्याच्या पाण्याचा दाखला क्वचित.

साधा गोल पाइप सोडवला की एक टोक खांद्यावर घ्यायचं आणि शेवटपर्यंत चालत जायचं, म्हणजे पाणी पुढे पुढे ढकललं जाऊन बाहेर पडतं. मग दोन्ही टोकं एकमेकांत फिरवून बसवायची. कोळी, मुंग्या, धूळ, कुणालाच दार उघडं नाही. आटे सगळ्यांचे सारखे असल्याचा हा एकुलता एक फायदा.

९. गाळणं आणि औषध या वेगळ्या गोष्टी

आमच्या लहानपणी विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळून घ्यायचे. त्या फडक्यानं नारू अडायचा, कारण नारूची पिल्लं पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात असतात आणि ते किडे फडक्यातून जात नाहीत. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात साध्या फडक्याचा वाटा मोठा. पण त्याच फडक्यानं पटकी अडेल असं आजी कधी म्हणाली नाही.

पाइपाला मधे जोडायचा निळा कार्बन फिल्टर इथे सगळे लावतात आणि आता काळजी मिटली समजतात. त्यानं क्लोरीनची चव जाते, गाळ अडतो, चहा चांगला होतो. जंतू मरत नाहीत. उलट टाकी भरताना त्यानं क्लोरीन काढून घेतलं आणि ते पाणी आठ दिवस टाकीत ठेवलं, तर राखणदार घरी पाठवून दार उघडं ठेवल्यासारखं झालं. आम्ही थेट नळाचं पाणी वापरताना फिल्टर लावतो. टाकीत साठवताना लावत नाही, प्यायचं पाणी नंतर स्वयंपाकाच्या नळाशी गाळतो.

औषध वर्षातून एकदा, वसंतात. टाकीच्या दर १५ गॅलनला पाव कप साधं, सुगंध न घातलेलं ब्लीच. आमच्या ४० गॅलनला पाऊण कपाला थोडं कमी. आधी बादलीभर पाण्यात मिसळायचं, मग टाकीत, मग सगळे नळ उघडून वास येईपर्यंत फिरवायचं, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. पांढरा पाइपही त्याच पाण्यानं भरून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत धुवायचं. ह्यात एक शनिवार-रविवार जातो.

१०. थंडीत काढून ठेवलेला पाइप हाच उत्तम पाइप

यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिजला सप्टेंबरमध्ये गेलो होतो. तिथे अस्वलांमुळे कापडी तंबूला परवानगी नाही, भक्कम भिंतींची गाडीच लागते. उंची पावणेआठ हजार फुटांच्या आसपास. दिवसा स्वेटर पुरतो, रात्री पाणी गोठतं. सकाळी पाइप उचलला तर काठीसारखा सरळ उभा राहिला. नशीब, फुटला नव्हता.

विजेवर गरम राहणारा पाइप मिळतो. त्याच्या अंगाला तापणारी तार गुंडाळलेली असते, थंडी पडली की ती आपोआप चालू होते. आम्ही घेतला, एक मोसम वापरला. पण पाइप गरम राहून नळच गोठला, किंवा मधला फिल्टर गोठून तडकला, तर काय उपयोग? आता थंडीच्या रात्री संध्याकाळीच टाकी भरतो, पाइप काढून निथळवतो, आत ठेवतो आणि ट्रेलरच्या पंपावर रात्र काढतो. हिवाळ्यासाठी गाडी बंद करताना नळ्यांत घालायचं द्रव गुलाबी असावं, प्रॉपिलिन ग्लायकॉलचं, पिण्याच्या नळ्यांसाठी म्हणून विकलं जाणारं. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते एथिलिन ग्लायकॉल विषारी, त्याला या नळ्यांच्या आसपासही येऊ देऊ नये.

११. वायसर जवळ ठेवा

दहापैकी नऊ गळत्या वायसरच्या असतात. रबर सुकतं, चिरतं, किंवा पाइप सोडवताना पडून गवतात हरवतं. नवं बसवलं की गळती बंद. त्यासाठी पक्कडीनं आवळत बसायचं नाही, प्लास्टिकचं तोंड तडकतं.

आमचे जास्तीचे वायसर स्वयंपाकघराच्या खणात बडीशेपेच्या जुन्या डबीत असतात. सॅन होजेला एक दांपत्य ट्रेलर बघायला आलं. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि निघता निघता वहिनींनी हक्कानं खण उघडून ती डबी काढली. हातावर चार काळे वायसर घेऊन त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हे म्हणाले, "घ्या ना, एनएसएफ ६१ आहेत."